अर्जातली अनामत

दहावी-बारावीचा निकाल लागला, की आपल्या नगरमध्ये सावेडीपासून स्टेशन रोडपर्यंत खासगी क्लासचे फ्लेक्स लागतात. संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावलाही तेच. मुलांचे फोटो, खाली पूर्ण नाव, गुण, कधी गावसुद्धा. आईबापांना आनंद होतो, तो व्हायलाच हवा. पण तो फोटो दिला होता प्रवेशाच्या अर्जावर चिकटवायला, चौकात टांगायला नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थ्याचे नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचे असेल, तर त्याची लेखी संमती हवी आणि तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली हवी, असे त्यांत म्हटले आहे. प्रवेशाच्या दिवशीच अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरांखाली सही घेऊन ठेवली, तर ती चालत नाही.

आमच्या घरात ‘अमानत’ हा शब्द रोजचा. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अमानत. मराठीने हाच शब्द जरासा फिरवून ‘अनामत’ केला. वाचनालयाची अनामत, भाड्याच्या खोलीची अनामत. पैशांच्या अनामतीची पावती मिळते, ती दाखवली की रक्कम परत येते. क्लासच्या अर्जात आपण लिहितो ते नाव, पत्ता, जात, मोबाइल नंबर हीसुद्धा अनामतच आहे. फक्त तिची पावती नसते आणि ती परत मागायला कुणी जात नाही.

अर्जात काय काय विचारतात पाहा. मुलाचे नाव, इयत्ता, पालकांचा नंबर, हे हवेच. पण गणिताच्या शिकवणीला वडिलांचे उत्पन्न कशाला? जात कशाला? आधार कार्डाची झेरॉक्स तर सवयीने जोडली जाते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशालाही आधारची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. मग खासगी शिकवणीला ती कुठून आली? मागितली म्हणून आपण देतो, छापील रकाना आहे म्हणून भरतो. रिकामा रकाना दिसला की आपल्या लोकांना अपराध्यासारखे वाटते, त्याला काय करावे!

पुढे हे कागद जातात कुठे? एक प्रत कपाटात, एक संगणकात, एक यादी फी गोळा करणाऱ्या मुलाच्या मोबाइलमध्ये. वर्ष संपले की अर्ज रद्दीत. यादी मात्र फिरत राहते. दहावीची परीक्षा संपते न संपते तोच दूरच्या शहरांतल्या संस्थांचे फोन घरी सुरू होतात आणि त्यांना मुलाचे नाव, शाळा, सगळे पाठ असते. मोठ्यांचीही कुलपे पक्की नसतात. अनअकॅडमी या ऑनलाइन शिकवणी कंपनीच्या सुमारे २ कोटी २० लाख खात्यांची माहिती २०२० मध्ये विक्रीला निघाल्याचे उघड झाले. कंपनीने हा आकडा १ कोटी १० लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले. तेवढा धरला, तरी थोडका नाही.

मला जास्त काळजी वाटते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपची. पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या मुलीचा विचार करा. आईवडील दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडणीला फडावर गेलेले, ती मावशीकडे किंवा शहरात खोली करून राहते. घराशी दुवा तेवढा मोबाइलच. क्लासने तिला दीडशे जणांच्या ग्रुपमध्ये घातले, की तिचा नंबर दीडशे जणांचा झाला. रात्री अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले, तर ती घरी सांगत नाही. का, ते आपण सगळे जाणतो. आधी फोन काढून घेतील, मग क्लास बंद, मग लग्नाची बोलणी. ग्रुप करणाऱ्या सरांच्या हे मनातही नसते. त्यांना एक निरोप सगळ्यांना एकदम द्यायचा असतो, एवढेच. चाचणीचे गुणही त्याच ग्रुपवर टाकतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक सूचनांत तर चाचणीचा निकाल जाहीर करू नये, असे स्पष्ट लिहिले आहे.

कायदाही आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींच्या तयारीसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची, तर पालकांची संमती हवी आणि ती खरोखर पालकांचीच असल्याची खात्री करून घ्यायला हवी. माहिती कशासाठी हवी ते सांगावे लागेल, मराठीतून मागितले तर मराठीतून. दिलेली संमती काढून घेता येईल. काम संपले, की माहिती पुसावी लागेल. चोरी झाली, तर ज्यांची माहिती गेली त्यांना कळवावे लागेल. मुलांच्या बाबतीत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. आपल्या गल्लीतल्या क्लासवाल्याला हा आकडा ऐकून हसू येईल. पण कागदावरचा अर्ज संगणकात उतरवला, की तोही या कायद्याखाली येतो, हे त्याने ध्यानात घ्यावे.

याला फार खर्च येतो असेही नाही. एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीचे एक सर आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये क्लास, साठ-सत्तर मुले. त्यांचा अर्ज अर्ध्या पानाचा. जातीचा रकाना त्यांनी छापलाच नाही. निरोप ब्रॉडकास्ट यादीने पाठवतात, त्यामुळे तो ज्याला-त्याला वेगळा मिळतो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. गुण उत्तरपत्रिकेवरच लिहून हातात देतात. संगणकातली यादी पासवर्डखाली, तो त्यांना आणि त्यांच्या पत्नीला ठाऊक. मी म्हटले, “सर, जुन्या अर्जांचं काय करता?”

“मे महिन्यात फी-बिल चुकतं झालं की फाडतो. बारीक तुकडे करतो, मगच रद्दीत.”

“आणि फ्लेक्स?”

“गेल्या वर्षी एका मुलीला विचारलं. ती म्हणाली, नको सर. मग नाही लावला.”

तिचे गुण किती होते, ते त्यांनी मलाही सांगितले नाही.