तांबी बसवताना आणखी एक मिनिट

तांबी बसवताना डॉक्टर किंवा नर्स गर्भाशयाचं तोंड पाहतातच. त्याच वेळी तिथे ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे घरातल्या व्हिनेगरइतकंच सौम्य द्रावण, कापसाने लावून मिनिटभर थांबलं की बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. 'व्हीआयए' चाचणी ती हीच. डाग दिसला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. पुढची तपासणी होते, आणि कॅन्सरच्या आधीची अवस्था असली तर बहुतेक वेळा तो भाग गोठवून नष्ट करता येतो.

ही चाचणी करायला मोठं हॉस्पिटलच हवं असंही नाही. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावी शिकलेल्या बायकांना ती शिकवली. सुमारे दीड लाख स्त्रियांचा हा अभ्यास होता. १२ वर्षांनी पाहिलं, तर तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्के कमी होते.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनसुद्धा नव्हत्या.

मला यातली खरी मेख वयात दिसते. सरकारी सूचनेप्रमाणे तपासणी ३० ते ६५ वयात, दर पाच वर्षांनी करायची. आपल्याकडे मात्र दोन मुलं झाली की बाईचं 'ऑपरेशन' होतं, तेही बहुधा तिशीच्या आत. कुटुंब नियोजनाशी तिचा संबंध तिथेच संपतो. तपासणीचं वय येतं तेव्हा तिला बोलावणारं कोणी उरत नाही. (आम्ही सॉफ्टवेअरवाले वापरकर्त्याला दर आठवड्याला आठवण पाठवतो; इथे पाच वर्षांतून एक पुरली असती.) ऑपरेशनच्या कागदावरच पुढच्या तपासणीचं वर्ष लिहून द्यायला काय हरकत आहे?

तोवर घरातच पाहावं लागेल. तांबी असेल तर ती तपासायला जाताना विचारा. आई, मावशी, काकू यांना तर जरूर विचारा, कारण अंगावरून जाणं किंवा संबंधानंतर रक्त दिसणं 'वयाचं असेल' म्हणून अंगावर काढणारी पिढी तीच. असा त्रास असेल तर चाचणीच्या तारखेची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जायचं. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी करावीच लागते.

आणि संकोच वाटत असेल, तर एचपीव्ही चाचणीचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो. आपल्या डॉक्टरांकडे ती सोय आहे का, हे एका फोनवर कळेल.