कुलूपवाल्याचा झटपट कोर्स : सही करण्यापूर्वी एवढे वाचाच



जपानमध्ये येऊन चार-पाच वर्षे झाली की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो. कंपनीची नोकरी आहे तोवर ठीक, पण पुढे काय? स्वतःचे काहीतरी असावे, हातात एखादा हुन्नर असावा असे वाटू लागते. ज्यांचा जोडीदार डिपेंडंट व्हिसावर आहे, त्यांच्या घरी तर हा विषय दर शनिवारी निघतो. अशा वेळी 'कागिशी' म्हणजे कुलूप-किल्लीच्या कारागिराच्या कोर्सची जाहिरात समोर येते. शिक्षण फक्त काही दिवसांचे, फी काही लाख येन, अनुभवाची गरज नाही, वयाची अट नाही, शेवटी प्रमाणपत्र आणि वर 'काम आम्ही मिळवून देऊ' असे आश्वासन!

अशा कोर्सबद्दल ओळखीच्या दोघातिघांनी आम्हाला विचारले. आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले, पण करार आणि नियम बारकाईने वाचायची सवय आहे. म्हणून जे समजले ते इथे मांडत आहोत. धंदा वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. उत्तम कागिशीला इथे मान आहे. प्रश्न आहे तो 'झटपट' या शब्दाचा.

प्रमाणपत्र नक्की कोणाचे?

पहिली गोष्ट म्हणजे जपानमध्ये कुलूपवाल्यासाठी सरकारी परवाना किंवा राष्ट्रीय परीक्षा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत परवाना लागतो. इथे आणि ब्रिटनमध्ये तसे नाही. इथल्या व्यावसायिक संघटना आपापल्या परीक्षा घेतात, त्यांना धंद्यात थोडीफार किंमत आहे, पण त्याही खाजगीच. त्यामुळे एखादी शाळा 'अधिकृत पात्रता' असे म्हणत असेल, तर अधिकृत कोणी केले, हे आधी विचारा. बरेचदा उत्तर 'आम्हीच' असे असते! पात्रतेचे आमिष दाखवून महागडे कोर्स गळ्यात मारण्याच्या प्रकाराला जपानीत 'शिकाकु शोहो' असे स्वतंत्र नावच आहे. यावरून तो किती जुना आणि किती पसरलेला आहे हे लक्षात यावे.

परवाना नाही याचा दुसरा अर्थ असा की कोर्स न करताही हा धंदा कायद्याने करता येतो. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते हक्कासाठी नव्हे, फक्त कौशल्यासाठी. ते कौशल्य खरोखर मिळते का, एवढेच तपासायचे.

पाच दिवसांत काय येते?

इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचे वर्कशॉप आठवा. लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायला किती तास गेले होते? आपल्याकडे आयटीआयचा फिटर दोन वर्षे शिकतो. फुटपाथवरचा आपला चावीवाला तर लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून शिकलेला असतो. हात बसायला वेळ लागतो, त्याला इलाज नाही.

झटपट कोर्समध्ये साधारणपणे टेबलाला लावलेल्या सरावाच्या कुलपावर पिकिंग शिकवतात. साधे पिनचे कुलूप, पुरेसा उजेड, बसायला खुर्ची. दोन दिवसांत ते उघडू लागते आणि आपल्याला जमले असे वाटते. प्रत्यक्ष दारावर मात्र वेगळेच कुलूप असते. २००० सालच्या आसपास जपानमध्ये पिकिंग करून घरफोड्या करण्याची मोठी लाट आली होती. तेव्हा असंख्य अपार्टमेंटना एकाच धाटणीचे डिस्क सिलिंडर कुलूप होते आणि सराईत चोर ते झटकन उघडत. त्यानंतर कुलपे बदलली. मिवा कंपनीचे 'यू नाइन'सारखे रोटरी डिस्कचे सिलिंडर आणि खळगे असलेल्या डिंपल किल्ल्यांची कुलपे सर्रास दिसू लागली. २००४ पासून घरफोडीला दाद न देणाऱ्या दारे-खिडक्या-कुलपांना 'सीपी' चिन्ह मिळू लागले. त्यासाठी किमान ५ मिनिटे हल्ला सोसण्याची अट आहे. म्हणजे जी कुलपे पटकन उघडू नयेत म्हणून मुद्दाम बनवली आहेत, ती तुम्हाला रात्री दोन वाजता, पावसात, ग्राहक मागे उभा असताना उघडायची आहेत. टेबलावरचा सराव तिथे फारसा कामाला येत नाही.

गाड्यांचे तर आणखी वेगळे. आजच्या किल्लीत इमोबिलायझरची चिप असते. पाते कापून भागत नाही, चिपची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. त्याची यंत्रे महाग, आणि प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी. इलेक्ट्रिक कुलपासाठी १०० व्होल्टची वायरिंग करायची असेल तर त्याला विद्युत कारागिराचा राष्ट्रीय परवाना लागतो.

हत्यारे आणि कायदा

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि जाहिरातीत तो नसतोच. वर सांगितलेल्या घरफोड्यांमुळे जपानने २००३ मध्ये एक कायदा केला. तो १ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. धंदा किंवा अन्य योग्य कारण नसेल, तर पिकिंगची हत्यारे नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. सिलिंडर फोडून फिरवायचे अवजार आणि दाराच्या आतला खटका बाहेरून फिरवायचे अवजार हीसुद्धा त्याच यादीत आहेत. शिक्षा १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख येनपर्यंत दंड. हाच कायदा मोठे स्क्रूड्रायव्हर, पहारी आणि ड्रिल विनाकारण लपवून नेण्यालाही लागू होतो. उदाहरणार्थ, टोक सपाट, ते ०.५ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद आणि लांबी १५ सेंटिमीटर किंवा अधिक असेल, तर तो स्क्रूड्रायव्हर या व्याख्येत बसतो.

आता विचार करा. कोर्स संपला, हत्यारांचा संच घरी आला, पण धंदा काही सुरू झाला नाही. तो संच बॅगेत घेऊन तुम्ही स्टेशनवर जाता आणि कोबानचे पोलीस थांबवतात. काय सांगाल? 'छंद आहे' हे उत्तर चालेल अशी आशा ठेवू नका.

आपल्यासारख्या परदेशी नागरिकांना तर दुहेरी धोका आहे. इमिग्रेशनच्या कायद्यात देशाबाहेर काढण्याची जी कारणे आहेत, त्यांत हा हत्यारांचा कायदा नाव घेऊन लिहिलेला आहे. इंजिनियर, डिपेंडंट, विद्यार्थी अशा व्हिसावरच्या माणसाला या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली, तर ती स्थगित असली तरी हद्दपारीचे कारण ठरू शकते. म्हणजे पन्नास-शंभर ग्रॅमच्या तारांच्या संचापायी अख्ख्या कुटुंबाचा मुक्काम पणाला लागतो.

व्हिसा काय म्हणतो?

आपल्यातले बहुतेक जण इंजिनियरच्या व्हिसावर आहेत. त्यावर कुलपे दुरुस्त करण्याचे काम करता येत नाही, आणि अशा हातकामाला जोडधंद्याची परवानगीही सहसा मिळत नाही. शनिवार-रविवार आपलेच, असे म्हणून चालत नाही.

डिपेंडंट व्हिसावरच्या जोडीदाराला परवानगी घेतल्यावर आठवड्याला २८ तास काम करता येते. एखाद्या दुकानात ताशी पगारावर काम असेल तर ठीक. पण झटपट कोर्सनंतर मिळते ते बहुधा 'दर कामाला इतके' अशा कंत्राटाचे काम. त्यात तासांचा हिशोब दाखवता येत नाही, म्हणून त्याला वेगळी, स्वतंत्र परवानगी लागते. शाळेचा सेल्समन हे सांगेलच असे नाही.

कायम वास्तव्याचा परवाना असेल किंवा जोडीदार जपानी असेल, तर कामावर असे बंधन नाही. कंपनी काढून बिझनेस मॅनेजर व्हिसा घेऊ म्हणाल, तर १६ ऑक्टोबर २०२५ पासून त्याची भांडवलाची अट ५० लाख येनवरून थेट ३ कोटी येन झाली आहे.

'काम आम्ही देऊ' म्हणजे काय?

हे वाक्य ऐकले की कान टवकारा. 'आमचा कोर्स घ्या, मग आम्ही काम देऊ, त्यातून फी वसूल होईल' अशा व्यवहारासाठी जपानच्या ग्राहक कायद्यात स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात विक्रेत्याला कराराचे कागद द्यावेच लागतात, आणि ते हातात पडल्यापासून २० दिवसांत विनाकारण करार रद्द करता येतो. यालाच इथे 'कूलिंग ऑफ' म्हणतात. जून २०२२ पासून हे ई-मेलनेही कळवता येते.

म्हणूनच काही जण हे आश्वासन फक्त तोंडी देतात. ते लेखी मागा. आश्वासन कागदावर नसेल आणि तुम्ही आपणहून ऑनलाइन फॉर्म भरून साधा कोर्स घेतला असेल, तर असा २० दिवसांचा हक्क गृहीत धरू नका. अडचण आलीच तर १८८ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, जवळच्या सल्ला केंद्राशी जोडून देतात.

हिशोब मांडून पाहा

आकडे केवळ उदाहरणादाखल घेऊ. समजा फी ५ लाख येन आणि हत्यारे व किल्ली कापायचे मशीन मिळून ५ लाख. काम एजंटकडून येते, बिल १५,००० येन, त्यातले निम्मे एजंटचे. उरले ७,५००. पेट्रोल आणि पार्किंग वजा जाता हातात ६,०००. नुसते १० लाख वसूल व्हायला सुमारे १६७ कामे हवीत! गाडी, विमा आणि रात्रीची झोप यात धरलेली नाही.

आणखी एक. जाहिरातीत अगदी स्वस्त दर दाखवून दारात आल्यावर अनेक पटींनी बिल लावणाऱ्यांविरुद्ध जपानच्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राने वारंवार इशारे दिले आहेत. कमिशन भरून निघावे म्हणून नवख्या कारागिरावर असे बिल लावण्याचा दबाव येऊ शकतो. ग्राहकाशी भांडण मात्र एजंटचे नाही, दारात उभ्या असलेल्या तुमचे होते, आणि तेही जपानीत.

मग शिकायचेच असेल तर?

जरूर शिका, पण क्रम बदला.

१. आधी व्हिसा तपासा. इमिग्रेशन ऑफिसात किंवा ग्योसेइ शोशीकडे आपल्या प्रकरणाबद्दल विचारा.

२. काम करण्याची मुभा असेल तर एखाद्या जुन्या कुलपांच्या दुकानात मदतनीस म्हणून लागा. सहा महिन्यांत कळेल की हे आपल्याला जमते का. ग्राहक खरोखर त्याच घरात राहतो का हे पडताळण्यासारख्या गोष्टी तिथेच शिकायला मिळतात.

३. 'हॅलो वर्क'मध्ये चौकशी करा. तिथल्या सरकारी प्रशिक्षणाला बहुधा फी नसते, फक्त पुस्तकांचा खर्च. रोजगार विमा पुरेसा काळ भरला असेल, तर मंत्रालयाने मान्य केलेल्या कोर्सची २० टक्के फी, कमाल १ लाख येन, परतही मिळू शकते. तुमचा कोर्स त्या यादीत नसेल तर का नाही, हे शाळेला विचारा.

४. विद्युत कारागिराच्या दुसऱ्या वर्गाची परीक्षा पाहा. वर्षातून दोनदा होते, शिक्षणाची वा नागरिकत्वाची अट नाही, आणि हा परवाना राष्ट्रीय आहे. आपल्या इंजिनियर मंडळींना अवघड जाऊ नये, फक्त जपानी वाचता यायला हवे.

५. शाळेला थेट विचारा : मागच्या वर्षीचे किती विद्यार्थी आज हा धंदा करतात? दोघांशी बोलता येईल का? उत्तर गुळमुळीत आले तर समजून जा.

६. 'आजच सही केली तर सवलत' असे कोणी म्हणाले तर सरळ घरी या.

थोडक्यात काय, तर कुलूप उघडायला शिकणे सोपे, त्यावर घर चालवणे कठीण. नियम बदलत असतात, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी ताजी माहिती घ्याच. आणि मंडळींपैकी कोणी खरोखर या धंद्यात असेल, तर आम्हाला जरूर कळवा. तुमचा अनुभव पुढच्या अंकात सर्वांना वाचायला आवडेल.

चू. भू. द्या. घ्या.