चारित्र्याची साक्ष

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. वैधव्यात झालेले मूल तिने जन्मताच मारले, असा आरोप होता. अपिलात शिक्षा कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याने १८५६ पासून मोकळीक होती. वरच्या जातींत ती कागदावरच राहिली. अशा स्त्रियांची बाळंतपणे गुपचूप व्हावीत आणि मुले वाचावीत म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत अशाच एका विधवेचा. दुखणे जुने होते आणि त्यावरचा एक इलाज पुण्यातच चालू होता. तरीही ‘पुणेवैभव’ या पत्राने खटल्याच्या निमित्ताने एकूण स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. मुलाच्या बापाचे नाव काढण्याची गरज फारशी कोणाला वाटली नाही.

याला उत्तर आले बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे या तिथल्या सरकारी कचेरीत काम करणाऱ्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्या. घर फुल्यांच्या सत्यशोधक विचाराचे. त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. ताराबाईंची पद्धत साधी आणि बोचरी आहे. स्त्रीच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या उचलतात आणि तो पुरुषाला लावून पाहतात. कपट, चंचलपणा, अविचार यांपैकी कोणता गुण पुरुषांत कमी, असे विचारतात. पोथ्यापुराणांनाही त्या सोडत नाहीत. नवऱ्याचे प्राण परत आणायला सावित्री यमापर्यंत गेली. बायकोसाठी त्या वाटेला लागलेला एखादा नवरा कोणाला माहीत आहे का, हा त्यांचा सवाल आहे. बायको मेली की पुरुषाने दुसरी करायची आणि नवरा मेला की स्त्रीने केस उतरवायचे, या व्यवहारातली लबाडी त्यांनी घरगुती, ठसकेबाज मराठीत उघडी केली. पुरुषांनी लिहिलेल्या नाटक-कादंबऱ्यांत बाई ठरावीक साच्याची का असते, हाही प्रश्न त्यांनी केला. साहित्यातली नीती आणि समाजातली नीती एकाच कारखान्यातून निघते, हे त्यांना नीट कळले होते.

पुस्तकाचे स्वागत थंडपणे आणि टवाळीने झाले. खुद्द सत्यशोधकांतल्या काहींनाही ते रुचले नाही. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा मराठी वाचकांना त्याची नव्याने ओळख झाली. १८८२ मध्येच पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ही निघाले. त्याचा सूर उपदेशाचा आणि संयमाचा. स्त्रीने शिकावे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे सांगणारा. रमाबाईंची वाट पुढे फार वेगळी झाली, पण त्या पुस्तकाने त्यांच्यावर ताराबाईंसारखी टवाळी ओढवली नाही. उपदेश करणारी बाई चालत होती, हिशेब मागणारी चालत नव्हती.

हाच अनुभव रखमाबाईंना न्यायालयात आला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजी या नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. त्याने १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, पण १८८७ मध्ये दुसऱ्या न्यायमूर्तींनी नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत राहा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. संमती न देता लागलेले लग्न बंधनकारक का, हा मूळ मुद्दा. चर्चा मात्र शिकलेल्या मुली कशा हाताबाहेर जातात, याची झाली. टिळकांच्या ‘केसरी’नेही त्यांच्या विरोधात लेखणी चालवली. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

विसाव्या शतकात या वादाचा मोर्चा लैंगिक विषयांवरच्या लेखनाकडे वळला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि त्या कामापायी प्राध्यापकी सोडली. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जवळजवळ एकट्याने चालवले. मुले किती आणि केव्हा हे स्त्रीने ठरवावे आणि शरीरसुखावर तिचाही हक्क आहे, एवढे म्हणणे त्या काळी अश्लील ठरायला पुरेसे होते. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी त्यांना दंड झाला. गंमत अशी, की त्या वेळच्या दंडसंहितेत व्यभिचार हा एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाविरुद्ध केलेला गुन्हा होता. बाईला नवऱ्याविरुद्ध तक्रार करता येत नव्हती. ते कलम २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून कर्वे पुन्हा कोर्टात उभे राहिले. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला कर्वे हरले. मासिक बंद पडले नाही.

कर्वे निदान पुरुष होते. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा वादळाचे कारण मजकुराइतकेच लेखिकेचे लपलेले नावही होते. विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध सुरू झाला. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या बाळूताई खरे यांचे ते टोपणनाव होते. शिकलेली, नोकरी करणारी, लग्नाविना राहिलेली मुलगी हा त्या कथांचा विषय. तिच्या पगारावर घर चालते, म्हणून तिच्या लग्नाची घाई घरात कोणालाच नसते. आणि तिच्या मनात इच्छा असतात, हे बोलायचे नसते. मध्यमवर्गाला झोंबले ते हेच. तिच्या इच्छांबरोबर आईबापांचा स्वार्थही या कथांनी चव्हाट्यावर आणला होता. पाठोपाठ आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ या कादंबरीत नवऱ्यापासून दूर झालेली स्त्री लग्नाच्या चौकटीबाहेर मातृत्व मागते. या लेखनावर ‘अनीती’चा शिक्का मारणाऱ्यांना त्यातली दुःखे खोटी आहेत, असे मात्र ठरवता आले नाही.

त्याच दशकात गीता साने यांनी कादंबऱ्यांतून स्त्रीच्या स्वातंत्र्याची आणखी थेट मागणी केली. त्यांच्या कन्या वसुधा धागमवार कायद्याच्या अभ्यासक झाल्या आणि इथे साहित्यातला वाद कायद्याच्या दारात येऊन पोहोचतो. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने मुलीला आधीच लैंगिक संबंधांची सवय होती, असे म्हणून आरोपींना सोडले. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केला नाही, म्हणजे संमती होती, असा तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मुकाट राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर स्त्रियांचे मोर्चे निघाले.

१९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ते खरे धरून चालावे, अशी तरतूद आली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. एक गोष्ट मात्र तशीच राहिली होती. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या कलम १५५ च्या चौथ्या पोटकलमानुसार बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनीतिमान’ आहे, असे दाखवून तिची साक्ष खोटी पाडता येत असे. हे पोटकलम २००३ मध्ये वगळण्यात आले. २०१३ च्या दुरुस्तीने पुढे हेही स्पष्ट केले, की संमतीचा प्रश्न असेल तेव्हा स्त्रीचे चारित्र्य किंवा तिचे पूर्वीचे संबंध हा पुरावा होऊ शकत नाही.