शहराचं आरोग्य (लेखांक ७) : जबाबदारी डॉक्टरांची, अधिकार इतरांचे

नागरी आरोग्य केंद्राची रचना गेल्या आठवड्यात पाहिली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण ५० हजार वस्तीमागे असं एक केंद्र धरलेलं आहे. आज त्याच्या प्रमुखाविषयी, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्याविषयी.

समजा, ऐन पावसाळ्यात नेरूळच्या सारसोळे गावठाणात एकाच आळीत तापाचे पाच-सहा रुग्ण निघाले. आशाताईंच्या वहीत नोंद झाली, रक्ताचे नमुने गेले, डेंग्यूची शंका आली. आता डासांच्या अळ्या शोधायच्या. त्या सापडतात ओट्यावरच्या निळ्या ड्रमात, गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत, खाडीकाठी ओढून ठेवलेल्या होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात. ड्रम घरवाल्यांचा, होडी कोळ्याची, गटार अभियांत्रिकी विभागाचं, कचरा घनकचरा विभागाचा. डॉक्टरांच्या हुकमातलं यात फारसं काही नाही. साथ पसरली की जाब मात्र त्यांनाच!

नेतृत्वाची खरी परीक्षा इथे होते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. तो कोणता, हे परिपत्रकावर सोडणारा अधिकारी सकाळी अकराला पथक पाठवतो, आणि मासळी घेऊन बाजारात गेलेल्या बायकांच्या दारांची कुलपं मोजून पथक परत येतं. जाणता अधिकारी आधी गावातल्या बायकांना वेळ विचारतो, आशाताईंच्या वहीवरून आळीचा नकाशा काढतो आणि तो घेऊन स्वतः विभाग कार्यालयात जाऊन बसतो.

एमबीबीएसच्या अभ्यासात हे कुठे शिकवतात? समाजाभिमुख डॉक्टर घडावेत म्हणून विद्यार्थ्यांना तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचं प्रशिक्षण द्यावं, असं भोर समितीने १९४६ मध्येच सुचवलं होतं. विषय अभ्यासक्रमात आला, पण बहुतेकांसाठी तो पास होण्यापुरताच उरला. नोकरीत लागल्यावर मिळते ती एक दिवसाची कार्यशाळा : फाईल, पेन, जेवण आणि सामूहिक फोटो.

जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेगळी वाट धरली. गावोगावच्या आरोग्यसेविका दर आठवड्याला जमत, आपापल्या गावातल्या अडचणी मांडत, त्यावरच शिकत. यातल्या कित्येक जणींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. हीच पद्धत शहरातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लावायला काय हरकत आहे? आठवड्यातून दोन तास, समोर खरी आळी आणि खरी वही, सोबत घनकचरा आणि अभियांत्रिकीचा एकेक माणूस.

अर्थात नुसत्या शिकवण्याने भागणार नाही. अभियानातली बरीच पदं कंत्राटी आहेत, करार बहुधा ११ महिन्यांचा. वस्ती ओळखीची होईपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज भरायची वेळ येते. अशा अधिकाऱ्याकडून नेतृत्वाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. किमान तीन वर्षं एकाच केंद्रावर नेमणूक आणि किरकोळ खर्चाचा अधिकार, या दोन गोष्टी महापालिकांनी आधी द्याव्यात; प्रशिक्षणाचं वेळापत्रक त्यानंतर काढावं.

पुढील आठवड्यात : महिला आरोग्य समिती आणि तिचे वर्षाचे ५,००० रुपये.