विश्लेषण : सहलीची डेक बोट लाटांत धोक्याची का ठरते? जुनी घेताना काय तपासावे?

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मुलाकडे गेलेल्या आई-बाबांचे तळ्यावरच्या बोटीतले फोटो आता नवे नाहीत. बोटीच्या पुढच्या सोफ्यावर सगळे कुटुंब दाटीवाटीने बसलेले असते. ती डेक बोट असेल, तर वारा सुटल्यावर सर्वांत आधी रिकामी करायची जागा म्हणजे तोच सोफा.

डेक बोट म्हणजे काय?

साधारण १८ ते २५ फुटांची, फायबरग्लासची मोटरबोट. कोकणातल्या होडीची नाळ टोकदार आणि वर उचललेली असते, ती लाट कापते. डेक बोटीची पुढची बाजू मात्र मुद्दाम रुंद, खुली आणि बसकी ठेवलेली असते. त्यामुळे दहा-बारा जण आरामात बसतात. पण हीच बाजू लाटेवर आपटते आणि पाणी आत घेते.

थोड्या पाण्याने काय होते?

सहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद डेकवर फक्त पाच सेंटिमीटर पाणी साचले, तर ढोबळमानाने ७०० किलो वजन वाढते. म्हणजे दहा माणसे! शिवाय हे वजन एका जागी थांबत नाही. बोट जिकडे कलते तिकडेच पाणी धावते आणि तिला आणखी कलवते.

लाटांत चालवायची कशी?

पुढच्या लोकांना मागे आणि मध्यभागी बसवायचे. वेग कमी करायचा, पण नाळ वर राहील इतका ठेवायचा. समोरची लाट थोडी तिरकी घ्यायची. पूर्ण आडवी कधीच नाही. मोठी लाट दिसताच घाबरून थ्रॉटल एकदम बंद करणे, ही सर्वांत महागात पडणारी प्रतिक्रिया. वेगातली बोट अचानक मंदावली की नाळ खाली जाते, नेमकी लाटेच्या पोटात. लाटा मागून येत असतील, तर पुढची लाट ओलांडायची घाई नको. इंजिन बंद पडले, तर नांगर पुढूनच टाकायचा. मागून टाकला तर बोट लाटांकडे पाठ करून अडकते आणि मागूनच भरते.

जुन्या बोटीत काय पाहावे?

सोफ्याची कव्हरे आणि स्पीकर नंतर पाहता येतील. आधी ट्रेलरसकट बोट वजनकाट्यावर न्यावी, ट्रेलरचे वजन वजा करावे आणि उरलेले कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. मोठी तफावत असेल आणि ती सामान, इंधनाने भरून निघत नसेल, तर डेकखालच्या फोममध्ये पाणी मुरलेले असू शकते. अशी बोट रिकामी असतानाच पाण्यात खोल बसते. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगलेले असते, ती आतून कुजलेली नाही ना, हेही पाहावे. इंजिन वर उचलून खाली दाबले आणि फळी हलली, तर सौदा सोडावा. पाणी उपसणारा बिल्ज पंप प्रत्यक्ष पाणी ओतून चालवून बघावा.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत २० फुटांपेक्षा लहान मोटरबोटीवर किती माणसे आणि किती वजन चालेल याची पट्टी लावणे उत्पादकाला बंधनकारक आहे. अनेक डेक बोटी मात्र त्याहून लांब असतात. म्हणजे जिथे माणसे जास्त, तिथे पट्टीची सक्ती नाही! एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोट वेगात चालवताना, इंजिन बंद करणारी दोरी किंवा तसे साधन चालकाने अंगाला जोडलेले असावे लागते. चालक पाण्यात पडला तर इंजिन थांबते.

लाइफ जॅकेट सीटखाली ठेवून चालत नाही. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार बोट अपघातांत ५६४ जण दगावले. मृत्यूचे कारण नोंदलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बुडाले होते आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हते.