आल्प्समध्ये घर घेण्याआधी गाव समजून घ्या

भारतातून नातेवाइकांचा फोन आला की ख्यालीखुशाली संपता संपता हा विषय निघतोच. "तू तिकडेच आहेस, तर डोंगरात एखादा फ्लॅट बघून ठेव ना. आम्ही उन्हाळ्यात येऊन राहू, बाकी वर्षभर भाडं. तेही फ्रँकमध्ये!" मी ल्युसर्नला राहते आणि फ्लॅटधारकांच्या वतीने इमारती सांभाळणं हा माझा व्यवसाय आहे. हिशेब, दुरुस्त्या, वार्षिक सभा, छतावरचा बर्फ, बंद पडलेलं हीटिंग, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. सुट्टीचं घर जाहिरातीत कसं दिसतं आणि पाच वर्षांनी त्याच्या फायलीत काय काय साठतं, हे दोन्ही मी जवळून बघते. म्हणून फोनवर तुटक उत्तरं देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं असं वाटलं.

उदाहरण म्हणून एकच गाव घेते, आंडरमाट. कारण परदेशी माणसाला इथे घर घ्यायला जी मोकळीक आहे, ती स्वित्झर्लंडमधल्या बाकी स्की-गावांत नाही. ती का मिळाली हे कळलं की बाकीच्या गावांत ती का नाही, हेही कळतं.

गावाने कुणाला हाकललं, कुणाला बोलावलं

आंडरमाट ऊरी कँटनमध्ये (कँटन म्हणजे स्विस राज्य) १,४३७ मीटर उंचीवर आहे. वस्ती दीड हजाराच्या आसपास. ल्युसर्नकडून येताना ग्योशेनेनला गाडी बदलायची आणि दातेरी रुळावरून चढणाऱ्या छोट्या लाल गाडीत बसायचं. ती शोलेनेनच्या घळईतून वर येते आणि एकदम सपाट, मोकळं खोरं समोर येतं. पूर्वेला ओबरआल्प, पश्चिमेला फुर्का, दक्षिणेला गोटहार्ड अशा तीन खिंडींचे रस्ते इथे मिळतात. शतकानुशतकं हे गाव वाटसरूंवर जगलं. १८८२ मध्ये गोटहार्डचा रेल्वे बोगदा झाला आणि प्रवासी गावाच्या खालून जाऊ लागले. १९८० मध्ये रस्त्याचाही बोगदा झाला आणि मोटारीही खालून गेल्या.

मधल्या काळात या खोऱ्यात धरण बांधायची योजना आली. आंडरमाट, होस्पेंटाल आणि रेआल्प ही तिन्ही गावं पाण्याखाली गेली असती. फेब्रुवारी १९४६ मध्ये गावकऱ्यांनी योजनेच्या इंजिनिअरला मारहाण करून गावाबाहेर घालवलं. पुढे ती योजना बारगळली.

गावाला तारलं ते लष्कराने. इथे मोठी छावणी होती, गावातल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटायची. शीतयुद्ध संपल्यावर लष्कराने पसारा आवरला, नोकऱ्या गेल्या, तरुण खाली शहरांकडे निघाले. अशा वेळी इजिप्तचे उद्योजक समीह साविरिस आले. लष्कराच्या सरावाच्या जमिनीवर हॉटेलं, शेकडो फ्लॅट, गोल्फ मैदान आणि नव्या लिफ्ट उभारायचा त्यांचा प्रस्ताव होता. मार्च २००७ मध्ये गावात मतदान झालं आणि ९६ टक्के लोकांनी होकार दिला. धरणाच्या इंजिनिअरला पिटाळणाऱ्या गावानेच परक्या गुंतवणूकदाराला हो म्हटलं, कारण या वेळी गाव टिकण्याची शक्यता दिसत होती. २०१३ च्या डिसेंबरात चेडी हे आलिशान हॉटेल उघडलं, २०१९ मध्ये संगीत सभागृह झालं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्हेल रिसॉर्ट्सने इथल्या स्की-कंपनीत ५५ टक्के हिस्सा घेतला.

या प्रकल्पाला स्विस सरकारने परदेशी खरेदीदारांवरच्या निर्बंधातून खास सूट दिली. त्यामुळे पुण्याचा किंवा ठाण्याचा माणूस तिथे परवानगीच्या रांगेत न लागता फ्लॅट घेऊ शकतो. एरवी ही रांग असतेच.

दोन कायदे, जे कुणी फोनवर विचारत नाही

पहिला 'लेक्स कोलर'. परदेशात राहणाऱ्या परकीयाने स्विस जमीन-घर कधी घ्यायचं, हे तो ठरवतो. हिमाचलमध्ये १९७२ च्या कायद्याचं कलम ११८ बाहेरच्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेऊ देत नाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यामागची भावना लगेच कळेल. सुट्टीच्या घरांसाठी साऱ्या देशाचा कोटा आहे वर्षाला १,५०० परवानग्यांचा, आणि तो कँटनांत वाटला जातो. घर पर्यटन-गावातच हवं, राहण्याचं क्षेत्रफळ साधारणपणे २०० चौरस मीटरच्या आत हवं आणि वापर स्वतःसाठी हवा. अधूनमधून भाड्याने देता येतं, कायमचा भाडेकरू ठेवता येत नाही. म्हणजे 'वर्षभर भाडं' हा बेत कायद्यालाच मान्य नाही. घर घेतल्याने राहण्याचा परवानाही मिळत नाही. आपल्या पासपोर्टवर शेंगेन व्हिसा आणि १८० दिवसांत ९० दिवस, हेच गणित कायम राहतं. २०२५ मध्ये सरकारने हा कायदा आणखी कडक करण्याची दिशा जाहीर केली, त्यात सुट्टीच्या घरांचा कोटा कमी करणंही आहे.

झ्युरिक, बाझल, झुगमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांची स्थिती वेगळी आहे. 'बी' परवाना असेल तर राहत्या ठिकाणी स्वतःसाठी घर घेता येतं, 'सी' परवाना असेल तर स्विस माणसासारखी मोकळीक मिळते.

दुसरा 'लेक्स वेबर'. निसर्गरक्षक फ्रान्झ वेबर यांनी मोहीम चालवली आणि ११ मार्च २०१२ रोजी देशाने ५०.६ टक्के मतांनी कौल दिला: ज्या गावात दुय्यम घरं, म्हणजे कायम न राहता सुट्टीपुरती वापरली जाणारी घरं, २० टक्क्यांहून जास्त आहेत, तिथे नवी दुय्यम घरं बांधायची नाहीत. त्यावरचा सविस्तर कायदा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आल्प्समधल्या कित्येक गावांत निम्म्याहून अधिक घरं दुय्यम आहेत. तिथे नाताळात गर्दी मावत नाही आणि नोव्हेंबरात रस्त्यावर माणूस भेटत नाही. शिक्षिका, बसचालक, नर्स, हॉटेलचे कामगार यांना भाड्याचं घर परवडत नाही. झेरमाटमध्ये काम करणारे अनेक जण खालच्या टेशमध्ये किंवा आणखी लांब राहतात आणि रोज गाडीने वर येतात.

त्यामुळे जाहिरातीत घर दिसलं की ते कोणत्या प्रकारातलं आहे, हा पहिला प्रश्न. ११ मार्च २०१२ च्या आधीचं असेल तर ते साधारणपणे बंधनमुक्त, राहा किंवा सुट्टीपुरतं वापरा. म्हणून अशी घरं महाग. दुसरा प्रकार 'प्रथम निवासा'चा, जिथे गावात कायम राहणाऱ्यानेच राहायचं. तिसरा प्रकार पर्यटकांना अल्प मुदतीने देत राहण्याच्या अटीवर बांधलेला. ही अट जमीन नोंदणीच्या उताऱ्यात लिहिलेली असते. फोटो कितीही सुंदर असोत, उतारा वाचल्याशिवाय एक फ्रँकही देऊ नका.

हिशेब

नामांकित स्की-गावांत चांगल्या घराचा भाव चौरस मीटरला २०,००० फ्रँकच्या वर जातो. ८० चौरस मीटरचा, म्हणजे ८६० चौरस फुटांचा फ्लॅट धरला तर १६ लाख फ्रँक. फ्रँक १०० रुपयांच्या पुढे गेलेला आहे, तेव्हा १६ कोटींहून जास्त. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. नवरा-बायको मिळून पाच लाख. म्हणजे या एका फ्लॅटचे पैसे जमवायला दोघांना साधारण चार आर्थिक वर्षं लागतील. त्यातही पाठवलेली रक्कम वापरली नाही तर १८० दिवसांत परत आणावी लागते, त्यामुळे ती नुसती साठवून ठेवता येत नाही. वर्षाला १० लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. पुढे दर वर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात घराची नोंद करावी लागते. ती चुकवली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

देखभालीसाठी दर वर्षी किमतीच्या सुमारे एक टक्का धरावा, असा इथला ठोकताळा आहे. शिवाय कँटनचा मालमत्ता कर. दूरवरच्या मालकाला दिसत नाही अशी एक गोष्ट मात्र मी रोज बघते, ती म्हणजे नूतनीकरण निधी. छप्पर, लिफ्ट, बॉयलर, दर्शनी भिंत यांच्यासाठी सगळे मालक मिळून वर्षानुवर्षं पैसे साठवतात. माझ्याकडच्या एका जुन्या इमारतीत मालकांनी हप्ता कायम कमी ठेवला. छप्पर बदलायची वेळ आली तेव्हा निधीत खर्चाच्या एक चतुर्थांशही रक्कम नव्हती आणि प्रत्येकाला एकरकमी मोठा वाटा भरावा लागला. त्यात आदल्याच वर्षी फ्लॅट घेतलेलं एक कुटुंब होतं. त्यांनी स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटची चौकशी केली होती, निधीची नाही. तेव्हा गेल्या तीन वर्षांचे हिशेब, सभांची इतिवृत्तं आणि निधीतली शिल्लक मागा. विकणारा टाळाटाळ करू लागला तर तेच तुमचं उत्तर समजा.

भाड्याचंही तसंच. चांगलं उत्पन्न नाताळ ते नववर्ष आणि फेब्रुवारीच्या शाळा-सुट्ट्यांत होतं. नेमके तेच आठवडे मालकालाही हवे असतात. मे आणि नोव्हेंबरात लिफ्ट बंद, पाहुणे नाहीत. पाहुण्यांची व्यवस्था बघणारी कंपनी आपला वाटा घेते, स्वच्छतेचे पैसे वेगळे. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, त्यावर उदरनिर्वाह करणारा मालक मी पाहिलेला नाही.

डोंगराचा उतार बघा

आंडरमाटच्या डोक्यावर, गुर्शेनच्या उतारावर, एक त्रिकोणी जंगल आहे. आजूबाजूचे उतार उघडे आणि मध्येच हा गर्द पट्टा, अगदी गावाच्या छपरांपर्यंत आलेला. १३९७ मध्ये खोऱ्यातल्या लोकांनी लेखी करार करून या जंगलातलं लाकूड तोडायला बंदी घातली. आपल्या देवराईत काठीही उचलायची नाही, तसाच नियम. फक्त इथे धाक देवाचा नव्हता, हिमकड्यांचा होता. हे जंगल कोसळणारा बर्फ अडवतं. तरीही २० जानेवारी १९५१ रोजी गावावर हिमकडे कोसळले आणि १३ माणसं गेली.

आज प्रत्येक धोक्याच्या भागाचे अधिकृत नकाशे आहेत आणि ते कुणालाही बघता येतात. लाल पट्ट्यात नवं बांधकाम नाही, निळ्यात अटींसह, पिवळ्यात धोका कमी. घर घेताना हा नकाशा बघणं म्हणजे शंकेखोरपणा नव्हे. मे २०२५ मध्ये वाले कँटनमधलं ब्लाटेन गाव हिमनदी आणि दरडीखाली जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. सुमारे ३०० रहिवाशांना काही दिवस आधी हलवलं होतं म्हणून मोठी जीवितहानी टळली.

बर्फाचाही विचार करा. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचं १० टक्के घनमान वितळलं. कमी उंचीवरच्या स्की-गावांचे हिवाळे डोळ्यांदेखत आखूड होत आहेत. आंडरमाटचं गेमस्टॉक शिखर २,९६१ मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे बर्फ अजून भरवशाचा आहे. हजार-बाराशे मीटरवरच्या स्वस्त फ्लॅटची जाहिरात दिसली तर तो स्वस्त का आहे, याचं उत्तर बहुधा थर्मामीटरमध्ये सापडेल.

माझं मत

या देशातल्या डोंगरी गावांनी घरांवर बंधनं घातली ती परक्यांच्या रागाने नाही. शाळेत मुलं हवीत, अग्निशमन दलाला स्वयंसेवक हवेत, दुकान बारा महिने चालायला हवं, एवढीच त्यांची मागणी आहे. आंडरमाटने दार उघडलं तेही याच हिशेबाने, आणि तिथे आज घरभाडी वाढल्याची चिंताही आहेच. जो मालक वर्षातून काही आठवडे येतो, गावातल्याच सुताराला काम देतो आणि उरलेल्या दिवसांत घर पाहुण्यांसाठी खुलं ठेवतो, तो गावाला हवा आहे. फक्त भाव वाढण्याची वाट बघत कुलूप लावून बसणारा कुणालाच नको आहे.

तेव्हा फोन करणाऱ्या सगळ्या भाऊ-वहिनींना माझं सांगणं हेच: दर वर्षी तीन-चार आठवडे तिथे खरोखर राहणार असाल, पैसा कर्जाचा नसेल आणि उतारा, निधीचा हिशेब, धोक्याचा नकाशा हे तिन्ही कागद स्वतः वाचले असतील, तर घर जरूर घ्या. एरवी तोच पैसा भारतात गुंतवा आणि दर उन्हाळ्यात आंडरमाटला येऊन गावकऱ्याच्याच घरी भाड्याने राहा.