पहिली फटफटी

संक्रांत जवळ येऊ लागली की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून तिळगुळाबरोबर मेळ्याच्या गोष्टी निघू लागतात. १९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केलेला हा मेळा आरंभी गुराढोरांचा होता. बैल घ्यायचा तो दात पाहून, चाल पाहून, पाठीवर हात फिरवून. आता त्याच मेळ्यात बैलाच्या जागी मोटारी आणि फटफट्या ओळीने उभ्या असतात. दात पाहण्याची चाल मात्र मागे पडली. २०२४ च्या मेळ्यात मध्यप्रदेश सरकारने खासगी वाहनांच्या आजीवन करात निम्मी सूट दिली. अट एवढीच, की वाहनाची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्याच आरटीओत झाली पाहिजे. अशी सूट जाहीर झाली म्हणजे ज्या घरात पुढल्या वर्षी गाडी घ्यायची असते तेही याच वर्षी घेऊन टाकतात. मुलगा अठराचा झालेला असतो, मुलगी कॉलेजात जाऊ लागलेली असते, सूट संपायला चार दिवस उरलेले असतात. अशा घाईत आयुष्यातली पहिली फटफटी निवडली जाते.

बरे, निवडतो कोण? ज्याला ती चालवायची त्याचे मत सर्वांत शेवटी विचारले जाते. आपली जुनी घराणी. कुणाच्या आजोबांकडे बुलेट होती. १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली आणि तिचा तो सावकाश, दमदार ठोका गल्लीच्या तोंडाशी आला की घरात चहा चढवला जाई. कुणाच्या काकांनी म्हैसूरच्या कारखान्यातली जावा किंवा येझदी बाळगली. तो कारखाना १९९६ साली बंद पडला, तरी काकांच्या गोष्टी बंद पडल्या नाहीत. कुणाचे मामा आरएक्स १०० वाले. ती गाडीही १९८५ ला आली आणि १९९६ ला गेली, पण तिच्या वेगाची कीर्ती अजून लग्नकार्यांत ऐकू येते. या सर्वांचे प्रेम खरे आहे. मात्र त्या प्रेमापोटी नव्या शिकाऊ पोराच्या हाती जी गाडी दिली जाते ती त्याच्या मापाची असतेच असे नाही.

गाणे शिकवणाऱ्याने फटफटीवर का लिहावे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांच्या गाड्या दाराशी उभ्या राहतात, आणि दोन-चार वर्षांत प्रत्येक जण एकदा तरी विचारतो, “गुरुजी, पहिली गाडी कोणती घेऊ?” आमचे वडील दरबारचे गवई. नव्या शिष्याला ते स्वतःच्या सुरात गायला कधीच बसवीत नसत. आधी त्याला बोलायला लावीत, हाक मारायला सांगत, आणि मग त्याच्या गळ्याचा षड्ज शोधून तंबोरा त्या सुरात मिळवीत. गुरूची पट्टी काळी एक असली म्हणून शिष्याचीही तीच, असा आग्रह धरला तर गळा बसतो. फटफटीचेही तसेच आहे. तिचा षड्ज म्हणजे बसणाऱ्याचे पाय, त्याच्या हाताची बोटे, त्याचे बळ आणि त्याची रोजची वाट. आजोबांची पट्टी नातवाला लावू नये.

पहिली परीक्षा दुकानातच करावी, इंजिन सुरू न करता. डबल स्टँडवरची गाडी खाली घ्यावी, सीटवर बसावे आणि दोन्ही तळपाय जमिनीला लागतात का ते पाहावे. नुसते चवडे टेकले तर शिकाऊ माणसाने ती गाडी सोडून द्यावी. स्प्लेंडरची सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर उंच, शाइन १२५ ची ७९१, क्लासिक ३५० ची ८०५. आकड्यांतला हा फरक दोन बोटांचा दिसतो. पण लहान चणीच्या मुलाला किंवा मुलीला त्या दोन बोटांतच धीर येतो किंवा सुटतो. नंतर क्लच पूर्ण दाबून पाहावा. बोटे पुरत नसतील, मनगट वाकडे होत असेल, तर अर्ध्या तासात हात दुखणार. शेवटी गाडी पायाने चार पावले पुढे, चार पावले मागे न्यावी आणि जाणत्या माणसाला शेजारी उभे करून ती थोडी कलती करून सावरून पाहावी.

या शेवटच्या परीक्षेत वजन बोलू लागते. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची. पळत्या गाडीचे वजन जाणवत नाही. जाणवते ते थांबताना, वळताना, चढावर अडकताना. नया बाजारातून दौलतगंजाकडे निघा. पुढे हातगाडी, शेजारी रिक्षा, मध्येच ठाण मांडून बसलेली गाय. तेथे गाडी पळवण्याचे कसब कामाचे नसते. माणसाच्या चालीने, पाय न टेकता, ती सरळ नेता आली पाहिजे. संगीतात विलंबित लय अवघड, कारण दोन मात्रांमधल्या रिकाम्या जागेत गाणाऱ्याचा कच्चेपणा उघडा पडतो. द्रुत लयीत तो झाकला जातो. फटफटीवर नेमके तेच घडते. अर्धा क्लच, जराशी रेस आणि मागच्या ब्रेकवर हलका पाय, एवढ्यावर गाडी तोलून धरता आली म्हणजे तो शिकला म्हणावे. हा अभ्यास ११२ किलोच्या गाडीवर मुलगा दिवसातून पन्नास वेळा करतो. १९५ किलोची गाडी दोनदा कलंडली की तिसऱ्यांदा तो विलंबिताच्या वाटेला जात नाही, मोकळ्या रस्त्यावर नुसता वेग घेऊ लागतो. जड गाडीचा खरा धोका आम्हांस येथे दिसतो.

इंजिनाचे माप लोक सीसीत सांगतात. शंभर सीसीच्या गाडीत सुमारे आठ अश्वशक्ती असते, क्लासिकसारख्या साडेतीनशेच्या गाडीत वीस. मात्र सीसी म्हणजे सर्व काही नव्हे. दोनशे सीसीच्या काही हलक्या, चपळ गाड्या पंचवीस अश्वशक्तीच्या असतात आणि हात जरासा पिळला की पुढे झेप घेतात. नवशिक्याचा हात खड्ड्यात धक्का बसला की आपोआप पिळला जातो. त्या क्षणी गाडीने क्षमा केली पाहिजे. शंभर ते सव्वाशे सीसीची गाडी क्षमा करते, मुलगा उंचापुरा असेल तर दीडशेपर्यंत जायला हरकत नाही. लष्करातून मुरारला रोज जायचे, कधी किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा चढ चढायचा, एवढ्याला ही शक्ती भरपूर होते.

घरातच जुनी गाडी पडून असेल तर मोह आणखी वाढतो. “आजोबांची बुलेट आहे ना, तिच्यावरच शीक.” येथे एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी आठवावी. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या गाड्यांत नेमके उलटे. जावा-येझदीत किक आणि गिअर यांची दांडी एकच. नव्या हलक्या गाड्यांतही काहींचे सगळे गिअर एकाच दिशेने पडतात, काहींचा पहिला खाली आणि बाकीचे वर. पहिल्या वर्षात पायाला जे वळण लागते ते संकटाच्या वेळी आपोआप बाहेर येते. म्हणून पुढे ज्या जातीची गाडी चालवायची त्याच जातीच्या गाडीवर शिकावे. आजोबांची बुलेट पुसून, तेलपाणी करून सांभाळावी. तिच्यावर बसायचा दिवस पुढे येईल.

ब्रेकविषयी दोन शब्द. १ एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. जोराने ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही, हा त्याचा गुण. सव्वाशेपर्यंतच्या गाड्यांना निदान जोड-ब्रेक देण्याचा नियम त्याच वेळी आला. त्यात पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही काही अंशी लागतो. नवशिक्याला पुढच्या ब्रेकची भीती असते आणि तो फक्त पायावर भरवसा ठेवतो, त्याला या जोडीचा मोठा आधार होतो. जुनी गाडी घेताना हे तिच्यात आहे की नाही ते जरूर विचारावे.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी हाच वाद झाला. मुलगा अंगाने बारीक, उंची बेताची. वडिलांनी मेळ्यात साडेतीनशे सीसीची गाडी पाहून ठेवली होती. “आपल्या घरात कधी हलकी गाडी आली नाही,” असे ते म्हणाले. मुलगा गप्प. तेव्हा आजी म्हणाल्या, “अरे, तुझी मुंज झाली तेव्हा तुला तुझ्या मापाचा पाट केला होता. आजोबांच्या पाटावर नव्हतं बसवलं.” वडील हसले आणि मुलाला घेऊन पुन्हा मेळ्यात गेले. जड गाडीवर बसल्यावर मुलाच्या टाचा अधांतरी राहिल्या, हे त्यांनी स्वतः पाहिले. सव्वाशेची गाडी घरी आली. उरलेल्या पैशांत दोन चांगली हेल्मेटे, बूट आणि हातमोजे आले. घराण्याचा मान कुठे कमी झाल्याचे आम्हांस तरी दिसले नाही.

मुलींविषयी वेगळे सांगण्याचे कारण खरे तर नाही, पण आपल्याकडे मुलाला फटफटी आणि मुलीला स्कूटर असा ठराव न विचारता होतो. तिला गिअरची गाडी हवी असेल तर वर सांगितलेल्या परीक्षा तिच्याकडूनही करून घ्याव्यात. त्यांत मुलगा-मुलगी असा भेद नाही.

कायद्याची बाजू घरातल्या मोठ्यांनीच सांभाळायची. गिअरच्या फटफटीला अठरा वर्षे पूर्ण हवीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर गाडीच्या पुढेमागे पांढऱ्यावर तांबडा ‘एल’ लावायचा, आणि शिकवणाऱ्याखेरीज कुणालाही मागे बसवायचे नाही. आईला देवळात सोडायचे असले तरी नाही. आणि अठरा पुरी होण्याआधीच “गल्लीतल्या गल्लीत चालवतो” म्हणून किल्ली देणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने कलम आले आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द.

दंडाहून मोठी भीती निराळीच आहे. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरी चव्वेचाळिसाहून अधिक दुचाकीवरची होती, आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९. म्हणून हेल्मेट गाडीबरोबर त्याच दिवशी घ्यावे. आयएसआयची खूण पाहावी, डोक्यात घट्ट बसते का ते पाहावे, आणि पट्टा बांधल्याशिवाय ते घातले असे समजू नये. चपला घालून गिअर टाकण्याची आपल्याकडची सवय पहिल्या दिवसापासून मोडावी.

खिसा आखूड असेल तर जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. शिकाऊ हातून गाडी एक-दोनदा पडतेच. नव्या टाकीवर पोचा आला की मुलाचे मन गाडीत कमी आणि पोच्यात जास्त अडकते. जुनी घेताना ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर न्यावे. पुढचे चाक आणि हँडल एका रेषेत आहेत ना, टायरांत नक्षी उरली आहे ना, साखळी ढिली नाही ना, कागदांवरचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतात ना, विमा चालू आहे ना, एवढे त्याने पाहिले की पुरे.

वर्ष-दीड वर्षात हात-पाय तयार होतात. मग बुलेट घ्या, नवी जावा घ्या, नाहीतर आजोबांची गाडी मांडवातून बाहेर काढा. तयार गळ्याला पट्टी आपोआप वर नेता येते. पण यंदा मेळ्याला निघताना ज्याची गाडी घ्यायची त्याला बरोबर न्या, गाडीवर बसवा, आणि कराच्या कागदाकडे पाहण्याआधी एकदा खाली वाकून त्याच्या टाचांकडे पाहा.